मुक्कामाची जागा

प्रवासास निघालेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात. कोठे जावयाचे, हा पहिला आणि रात्र कोठे काढावयाची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा विचार तो महिना महिना आधीपासून करतो. दुसऱ्याची आठवण त्याला पुष्कळदा सूर्य मावळतीला टेकला म्हणजे होते. पाय थकलेले असतात, पोटात भूक असते आणि अंधार पडू लागलेला असतो. अशा वेळी जी जागा समोर दिसेल ती बरी वाटते. मग मध्यरात्री पावसाचे पाणी अंथरुणाखाली शिरते, नाहीतर पहाटे कळते की, प्यावयाचे पाणी कोसभर दूर आहे. दिवसभराच्या प्रवासाचा सारा आनंद अशा एका रात्रीत नाहीसा होतो. म्हणून मुक्कामाची जागा निवडणे ही प्रवासात अवश्य लागणारी एक विद्याच आहे.

ही विद्या शिकण्यासाठी फार दूर जावयास नको. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका हे तिचे जुने विद्यापीठ आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण, बरड ही गावे मागे टाकून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. पुढे नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर असे तीन मुक्काम या एकाच तालुक्यात होतात. देहूहून निघालेली श्रीतुकाराममहाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून याच तालुक्यातील अकलूजला उतरते. एरवी शांत असणाऱ्या या गावांजवळ त्या रात्री लाखो माणसांची वस्ती होते. सायंकाळी उभे राहिलेले हे नगर दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या वाटेला लागलेले असते. हे कसे घडते, याचा थोडा विचार केला, तर मुक्कामाचे पुष्कळसे नियम आपोआप हाती येतात.

पहिला नियम अंतराचा. वारीत म्हातारी माणसे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया असतात, लहान मुलेही असतात. त्यांना एका दिवसात जेवढे चालवेल, तेवढ्यावरच पुढचा मुक्काम हवा. नातेपुत्याहून माळशिरस आणि माळशिरसहून वेळापूर ही अंतरे एका दिवसाच्या चालीत बसणारी आहेत. मुक्काम तरण्याबांड माणसाच्या पायांवरून ठरवावयाचा नसतो. तो सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांवरून ठरवावयाचा असतो.

दुसरा नियम जमिनीचा. आषाढाचे पहिले दिवस म्हणजे पावसाचे दिवस. या भागात पाऊस बेताचाच. पण तो केव्हा कोसळेल, याचा नेम नसतो. काळ्या कसदार रानात तंबूची मेख सहज रोवता येते, परंतु एक सर येऊन गेली की तेथे पाऊल टाकणे कठीण होते. चिखल वहाणांना धरून बसतो आणि वाहनांची चाके रुतून राहतात. याउलट मुरमाड, किंचित उंच आणि एका अंगाला उतार असलेल्या माळावर पाणी थांबत नाही. तेथे मेख ठोकताना हातास श्रम पडतात. परंतु रात्र कोरडी जाते. तरीही जाणता माणूस राहुटीभोवती वीतभर खोल चर काढून ठेवतो. आभाळ निरभ्र दिसत असले, तरी तो या कामाचा आळस करीत नाही.

तिसरा नियम पाण्याचा. मुक्काम पाण्याजवळ हवा. परंतु पाण्याच्या अगदी काठावर नको. जवळ अशासाठी की, पिण्यास व स्वयंपाकास पाणी लागते. काठावर नको अशासाठी की, जेथे हजारो माणसे स्नान करतील, भांडी घासतील आणि कपडे धुतील, तेथील पाणी दुसऱ्या दिवशी कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही. पूर्वी या वाटेवरील विहिरी आणि आड हेच वारकऱ्यांचे आधार होते. याच मार्गावर वाखरीच्या अलीकडे ‘बाजीरावाची विहीर’ या नावाने ओळखले जाणारे ठिकाण आहे आणि तेथे आजही रिंगण होते. एका विहिरीचे नाव सबंध जागेला मिळावे, यावरून या वाटेवर पाण्याला केवढे मोल होते, ते कळून येते. आज टँकरने पाणी येते. तरी ते पुरवून वापरावे लागते, हा नियम बदललेला नाही.

चौथा नियम शिस्तीचा. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या पालखी सोहळ्यास शिस्त लावून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी पालखीसाठी घोडे व तंबू दिले. रथाच्या पुढील आणि मागील दिंड्यांना क्रमांक असतात. दिंड्यांची वाहने आधीच पुढे जातात, राहुट्या उभ्या करतात आणि चुली पेटवितात. तळावर पालखी पोचली म्हणजे समाजआरती होते. चोपदार आपला चांदीचा दंड उंच करतो आणि एवढा मोठा समुदाय क्षणात स्तब्ध होतो. कोणाचे काय हरवले, कोणास काय सापडले, हे तेथे सर्वांना सांगितले जाते. एखाद्या दिंडीची तक्रार असल्यास तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तेथे जाऊन तिचे म्हणणे ऐकून घेतो. ज्या मुक्कामावर हरवलेली वस्तू परत मिळते आणि लहानाची तक्रारही ऐकली जाते, तो मुक्काम केवळ जमिनीचा तुकडा राहत नाही. ते काही तासांचे घर होते.

या चार नियमांच्या मुळाशी एक पाचवी गोष्ट आहे. ती म्हणजे यजमानाचा विचार. पालखीचा तळ बहुधा गावालगतच्या मोकळ्या मैदानावर असतो. एवढा समुदाय गावाच्या गल्लीबोळांत शिरला, तर गावाचे दैनंदिन जीवन थांबेल. म्हणून गाव पाहुण्यांना जागा देते आणि पाहुणे गावाला त्याची जागा राखू देतात. मुक्कामाची जागा शोधताना ‘मला येथे सोय होईल काय?’ हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. ‘ही जागा कोणाची आहे आणि माझ्या येण्याने त्याची गैरसोय होईल काय?’ हा प्रश्न मात्र थोड्यांनाच सुचतो.

तो प्रश्न फार प्राचीन काळी या भूमीत विचारला गेला होता. मुंबईत बोरिवलीजवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्या उद्यानाच्या अंतर्भागात कान्हेरीची लेणी आहेत. डोंगराच्या काळ्या खडकात खोदलेल्या शंभराहून अधिक लेण्यांत बौद्ध भिक्षू अनेक शतके राहत असत. भिक्षूंनी वर्षाचे आठ महिने फिरत राहावे, पावसाळ्यात मात्र एके ठिकाणी मुक्काम करावा, असा त्यांचा दंडक होता. त्यास ‘वर्षावास’ म्हणत. या दंडकाचे जे कारण बौद्ध परंपरा सांगते, ते मोठे हृद्य आहे. पावसाळ्यात गवताचे कोंब उगवतात, बारीक जीवजंतू बाहेर पडतात. भटकणाऱ्या पायांखाली ते चिरडले जाऊ नयेत, म्हणून भिक्षूंनी प्रवास थांबवावा! कान्हेरीच्या लेण्यांजवळ खडकातच पाण्याची टाकी खोदलेली आहेत. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी त्यांत साठविले जाई. भिक्षूंनी आपल्या मुक्कामाचे पाणी आपणच साठविले. रानातल्या पशूंच्या पाणवठ्यावर हक्क सांगितला नाही.

आता रानातल्या मुक्कामाचा विचार करू लागले म्हणजे हा दाखला फार उपयोगी पडतो. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत यलोस्टोन येथे १८७२ साली स्थापन झाले. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली पहिले उद्यान झाले. ते आज जिम कॉर्बेट यांच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा. ते १९५५ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर आहे. १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी हे फार लोकप्रिय आहे. कारण येथे वाघ दिसण्याचा संभव पुष्कळ असतो. देशोदेशींचे लोक त्यासाठी येतात.

माळशिरसच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थी ताडोबा पाहावयास निघाले आहेत, अशी कल्पना करावी. राज्याचा जवळजवळ सगळा विस्तार ओलांडून त्यांना पूर्वेकडे जावयाचे आहे. त्यांनी बरोबर तंबू घेतले आहेत. पालखीचा तळ त्यांनी लहानपणापासून पाहिला आहे. तेव्हा मुक्कामाचे शास्त्र आपणांस येते, असा त्यांचा समज असणे स्वाभाविक आहे. तरी त्यांना काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील.

पहिली गोष्ट अशी की, येथे आधी प्रवेशद्वार ठरते आणि मग मुक्काम. उद्यानात शिरण्यासाठी मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी निरनिराळी द्वारे आहेत. आत जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असते. परवाना आधीच काढावा लागतो आणि तो विशिष्ट द्वाराचाच असतो. मोहर्ली दक्षिणेच्या अंगास आहे, तर कोलारा उत्तरेच्या. ज्याने परवाना कोलाऱ्याचा काढला आणि मुक्काम मोहर्लीस केला, त्यास पहाटे द्वार उघडण्यापूर्वी जंगलास वळसा घालून जावे लागेल. म्हणजे रात्रीच्या अंधारात रानातल्या रस्त्यावरून गाडी पळवावी लागेल. त्या वेळी हरणे, सांबर, रानडुकरे रस्ता ओलांडीत असतात. घाईच्या वाहनाखाली त्यांचा बळी जातो आणि वाहनातील माणसांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून ज्या द्वाराने जावयाचे, त्याच्याजवळच उतरावे. वारीत जो अंतराचा नियम होता, तोच येथे दुसऱ्या वेषात भेटतो. उद्यान मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात त्याचा गाभा पर्यटकांना बंद ठेवतात, हेही निघण्यापूर्वी ठाऊक असावे. वर्षावासाची आठवण येथे कोणास होणार नाही?

आता जागेचा विचार. विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम तलावाचा काठ येईल. पाणी समोर, वर आकाश, सकाळी पक्ष्यांचा किलबिलाट. याहून रम्य जागा कोणती? परंतु चंद्रपूरचा उन्हाळा अतिशय कडक असतो. पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. लहान ओढे आटतात आणि मैलोगणतीच्या रानाला मोजकेच पाणवठे उरतात. चितळ, सांबर, गवा, अस्वल, बिबट्या, वाघ असे सारे प्राणी संध्याकाळी आणि रात्री तेथे येतात. काठावर माणसाचा वास आला, बोलणे ऐकू आले, दिवा दिसला, म्हणजे तहानलेली हरणे दुरूनच परततात. माणसाला तेथे एक रात्र रम्य जाते; त्या कळपाला मात्र ती तहानेने काढावी लागते. शिवाय पाण्यावर येणाऱ्या हरणांच्या मागावर वाघही असतो, हे विसरून कसे चालेल?

मग ओढ्याचे कोरडे पात्र? तेथे मऊ वाळू असते आणि दोन्ही काठांचा आडोसा असतो. परंतु ही वाळू म्हणजे रानातला राजरस्ता आहे. सकाळी तेथे पाहिले, तर पंजांच्या आणि खुरांच्या ओळी उमटलेल्या दिसतात. अवेळी पाऊस झाला, तर दूरवर पडलेले पाणीही याच पात्रातून अचानक येते. जुन्या मोठ्या झाडाखालची जागाही निर्धोक नसते. वाऱ्याने वाळलेली फांदी मोडून पडते; मोहाचे झाड असेल, तर फुलांच्या दिवसांत ती वेचण्यासाठी पहाटे अस्वल येते. बांबूच्या बेटाजवळ समोरचे काही दिसत नाही. सागाच्या रानात उन्हाळ्यात वाळलेल्या पानांचा खच पडलेला असतो. तेथे चुलीतली एक ठिणगी उडाली, तरी वणवा पेटतो. वनरक्षक महिनोन्‌महिने खपून जाळरेषा काढतात, त्या अशाच एका ठिणगीच्या भीतीने.

अशा रीतीने एकेक रम्य जागा बाद होत जाते. मग उद्यानाच्या आत एखादे सपाट, मोकळे, निर्धोक मैदान नाहीच काय? तशी मैदाने आहेत. परंतु त्यांची कथा ऐकली म्हणजे तेथे तंबू ठोकण्यास हात धजावणार नाही. या जंगलात पूर्वी काही गावे होती. बोटेझरी, जामणी ही त्यांतली नावे. तेथे घरे होती, शेते होती, देवळे होती, मुलांच्या खेळण्याच्या जागा होत्या. वाघाला निर्वेध रान मिळावे, म्हणून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही गावे तेथून उठून बाहेर नव्या जागी वसली. वाडवडिलांच्या हातचे अंगण सोडून जाणे किती कठीण असते, हे घर सोडणाऱ्यासच ठाऊक! आज त्यांच्या शेतांच्या जागी गवताची कुरणे झाली आहेत आणि चितळांचे कळप तेथे चरत आहेत. ज्यांचे ते गाव होते, त्यांनी वाघासाठी आपले कायमचे घर सोडले. मग चार दिवसांच्या पाहुण्याने हौसेखातर तेथे एका रात्रीचे घर मांडावे, हे न्यायाचे होईल काय?

म्हणूनच व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग केलेले असतात. आतला तो गाभा आणि भोवतालचा तो बफर, म्हणजे मधला संरक्षक पट्टा. ताडोब्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा आणि बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटरांचा आहे. बफरमध्ये जंगल, शेते आणि गावे एकमेकांस लागून आहेत. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात असलेली पर्यटकांची कायमची निवासस्थाने टप्प्याटप्प्याने बंद करावीत, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली ठरविले. तेव्हा पाहुण्याची जागा बाहेरच्या पट्ट्यात आहे, हे निश्चित झाले.

परंतु बफरमध्येही कोठेही तंबू ठोकता येत नाही. वाघाला नकाशावरची रेषा दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मोहाची फुले किंवा तेंदूची पाने वेचावयास गेलेली, गुरे राखणारी कितीतरी माणसे वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकली आहेत. ज्या भीतीत तेथील लोक दररोज जगतात, तिच्याशी पाहुण्याने खेळ करू नये. त्याच्या साहसातून अपघात घडला, तर त्याचे परिणाम मागाहून गावाला आणि वाघालाही भोगावे लागतात. म्हणून येथे पालखीच्या तळाचा नियम बरोबर उलट होतो. माळशिरसच्या माळावर गावास त्रास होऊ नये म्हणून गावाबाहेर उतरावयाचे. ताडोब्यास मात्र गावाबाहेरच्या एकाकी जागेत न उतरता गावातच, माणसांच्या सोबतीने, कुंपणाच्या आत उतरावयाचे. नियम बदलला, त्यामागचा प्रश्न मात्र तोच राहिला. माळावर यजमान गाव होते. रानात यजमान दोन आहेत, एक गाव आणि दुसरे रान.

तेव्हा विद्यार्थ्यांनी आपले तंबू गुंडाळून ठेवावेत आणि वनखात्याच्या परवानगीने चाललेल्या निवासात किंवा गावकऱ्याच्या घरी उतरावे, हेच उत्तम. ताडोब्याच्या वेशीवरील अनेक गावांत आज पाहुण्यांची अशी सोय होते. त्यात आणखी एक लाभ आहे. ज्या माणसांची गुरे वाघ मारतो आणि ज्यांचे पीक रानडुकरे उद्ध्वस्त करतात, त्यांच्या हाती त्याच वाघामुळे चार पैसे येतात. वाघ त्यांचा केवळ शत्रू न राहता त्यांच्या संसारास हातभार लावणारा शेजारी होतो. गोंड लोक येथील तारू देवाला फार पूर्वीपासून भजत आले आहेत. ताडोबा हे नावही त्याच देवावरून पडले, असे सांगतात. वाघाशी झालेल्या झुंजीत तारू मरण पावला, अशी लोककथा आहे. त्या लोकांच्या घरी बसून ही कथा ऐकण्यात जो आनंद आहे, तो एकट्या तंबूत कोठून मिळणार?

गावात उतरले, तरी काही पथ्ये पाळावीच लागतात. उन्हाळ्यात गावाची विहीर तळाला गेलेली असते. म्हणून स्नानास एक बादली पाणी पुरेसे मानावे. रात्री जमिनीवर उघड्यावर झोपू नये. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसांस दंश करतो. खाटेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. त्याच्या वासाने कुत्री आणि रानडुकरे येतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. यलोस्टोनमध्येही हाच नियम फार कडकपणे पाळला जातो. तेथे अस्वलांच्या हाती लागू नये म्हणून प्रवाशांना आपले खाद्यपदार्थ मजबूत पेट्यांत बंद करून ठेवावे लागतात. कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल माणसाला धोकादायक होते आणि शेवटी त्यालाच जीव गमवावा लागतो. मोठ्याने गाणी लावू नयेत. रानाचे स्वतःचे एक संगीत असते. कान शांत असतील, तरच ते ऐकू येते. वाघ निघाला म्हणजे वानर खोकल्यासारखा आवाज काढते आणि चितळ तीक्ष्ण स्वरात इशारा देते. गोंगाट करणाऱ्यास हे वर्तमान कधीच कळत नाही.

इतके सगळे करूनही वाघ दिसेलच, असे नाही. काही पाहुणे त्यामुळे निराश होऊन परततात. परंतु पाहुण्यास दर्शन देणे हे वाघाचे कर्तव्य नव्हे. रानात पाणवठे निर्मळ आहेत, गवत उभे आहे, हरणे निर्धास्त चरत आहेत, एवढे दिसले म्हणजे वाघ तेथे आहे, असे समजावे.

मुक्कामाच्या जागेवरून माणसाची पारख होते. स्वतःच्या सोयीसाठी जो दुसऱ्याचे पाणी अडवितो, दुसऱ्याची वाट रोखतो, तो कितीही दूर जाऊन आला तरी त्याने फक्त अंतर कापले. जो आधी यजमानाचा विचार करतो आणि मग आपली पथारी पसरतो, त्याच्यासाठी पुढच्या वेळीही दार उघडे राहते. माळ असो, डोंगर असो, किंवा वाघाचे रान असो. मेख ठोकण्यापूर्वी हातोडा क्षणभर थांबवावा आणि मनाशी विचारावे, ‘ही जागा कोणाची?’

शब्दार्थ

राहुटी – लहान तंबू. मेख – तंबूचा दोर बांधण्यासाठी जमिनीत ठोकावयाची खुंटी. दंडक – नियम. हृद्य – मनाला भिडणारे. टाके – खडकात खोदलेला पाण्याचा हौद. जाळरेषा – वणवा पसरू नये म्हणून पालापाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा. निर्वेध – अडथळा नसलेले. धजावणे – धीर होणे. पथारी – अंथरूण.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचे कोणते तीन मुक्काम माळशिरस तालुक्यात होतात?
(आ) ‘वर्षावास’ म्हणजे काय?
(इ) ताडोबा राष्ट्रीय उद्यान कोणत्या साली स्थापन झाले?

२. कारणे सांगा.
(अ) मुक्काम पाण्याच्या अगदी काठावर नसावा.
(आ) ताडोब्यास आधी प्रवेशद्वार ठरवून मग मुक्काम ठरवावा.
(इ) रानात उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये.

३. ‘येथे पालखीच्या तळाचा नियम बरोबर उलट होतो,’ असे पाठात का म्हटले आहे, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. बोटेझरी किंवा जामणी गावातून नव्या जागी गेलेल्या एखाद्या मुलाला आपल्या जुन्या घराविषयी काय वाटत असेल, याची कल्पना करून एक परिच्छेद लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निर्धोक, हौसेखातर, पथ्य पाळणे, पारख होणे.

६. तुमच्या गावाजवळ शंभर विद्यार्थ्यांचे शिबिर भरावयाचे आहे. त्यासाठी तुम्ही कोणती जागा निवडाल? जमीन, पाणी, अंतर आणि यजमान या चारही गोष्टींचा विचार करून लिहा.